फटका मोठा की मैदान मोठे?

वाशी, नेरुळ, कोपरखैरणे, तळोजा. नवी मुंबईतल्या कोणत्याही सेक्टरमध्ये संध्याकाळी गेलात तर मुलांचा क्रिकेटचा खेळ रंगलेला दिसतो. प्रत्येक ठिकाणचे नियम मात्र वेगळे असतात. एका ठिकाणी चेंडू सोसायटीच्या आवारात गेला की फलंदाज बाद होतो. दुसऱ्या ठिकाणी चेंडू सरपटत जाऊन समोरच्या भिंतीला लागला तर चार धावा मिळतात. तिसऱ्या ठिकाणी एका बाजूला मोठे गटार असते, म्हणून त्या बाजूला कितीही जोरात मारले तरी दोनच धावा! हे नियम कोणत्याही पुस्तकात नाहीत. जागा जशी असेल तसे ते ठरतात, आणि भांडण झाले तरी सगळे ते पाळतात.

'मैदान' हा शब्द फारसी भाषेतून उर्दूत आला, तसाच तो मराठीतही आला. मराठीत 'मैदान मारणे' म्हणजे जिंकणे. उर्दूतही तुम्ही 'मैदान मारना' असेच म्हणता. पण मैदान कसे आहे, केवढे आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, यावर कोण जिंकतो आणि किती धावा करतो हे बरेचसे अवलंबून असते. या पाठात आपण ते पाहणार आहोत.

सुरुवात जवळच्याच गावापासून करू. जानेवारी २०१६ मध्ये कल्याण येथे शाळाशाळांमधील एका सामन्यात प्रणव धनावडे या १५ वर्षांच्या मुलाने एकाच डावात नाबाद १००९ धावा केल्या. त्याचे वडील रिक्षा चालवत असत. नोंद झालेल्या कोणत्याही सामन्यात एका फलंदाजाने हजार धावा करण्याची ही जगातली पहिलीच वेळ होती. या डावात १२९ चौकार आणि ५९ षटकार होते. आता थोडा हिशेब करा. चौकारांच्या धावा झाल्या ५१६ आणि षटकारांच्या ३५४. दोन्ही मिळून ८७०. म्हणजे हजारावर नऊ धावांपैकी प्रत्यक्ष पळून काढलेल्या धावा फक्त १३९!

प्रणवने ज्याचा विक्रम मोडला तोही शाळकरी मुलगाच होता. त्याचे नाव ए. ई. जे. कॉलिन्स. त्याचा जन्म १८८५ मध्ये आपल्याच देशात, हजारीबाग येथे झाला होता. पुढे तो इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातल्या क्लिफ्टन कॉलेज या शाळेत शिकायला गेला. तेथे जून १८९९ मध्ये, वयाच्या १३ व्या वर्षी, त्याने नाबाद ६२८ धावा केल्या. हा विक्रम ११६ वर्षे टिकला. कॉलिन्सच्या डावाचा हिशेब मात्र अगदी निराळा आहे. त्यात ६ धावांचा फटका एकच होता. ५ धावांचे ४ फटके, ४ धावांचे ३१, ३ धावांचे ३३ आणि २ धावांचे तब्बल १४६ फटके होते. बाकीच्या ८७ एकेरी धावा. बेरीज करून पाहा, ६२८ येते.

दोन मुलांच्या हिशेबात एवढा फरक का पडला? उत्तर मैदानात आहे. क्लिफ्टनच्या त्या मैदानाची एक बाजू फार अरुंद होती. त्या बाजूला चेंडू हद्दीपलीकडे गेला की दोनच धावा द्यायच्या, असा नियम होता. म्हणून दोन धावांचे फटके इतके. दुसऱ्या बाजूला लांब उतार होता आणि तेथे सीमारेषाच नव्हती. चेंडू उतारावरून गडगडत जाई, क्षेत्ररक्षक त्याच्या मागे धावे, आणि तोपर्यंत फलंदाज तीन, चार, कधी पाच वेळा पळत. कल्याणचे मैदान लहान होते. एका बाजूची सीमा अगदी जवळ होती आणि समोरच्या संघातली बरीच मुले वयाने लहान होती, असे त्या वेळी वर्तमानपत्रांनी लिहिले. यावरून काही लोकांनी प्रणवच्या खेळीला नावेही ठेवली. मला ते पटत नाही. जे मैदान मिळाले त्यावर तो खेळला. कॉलिन्सलाही उतार मिळाला होताच की!

पूर्वीच्या काळी जो मोठा फटका मारी त्याला पळावेही लागे. आज आपण मोठा फटका म्हटले की षटकार समजतो, आणि षटकार मारणारा जागेवरच उभा राहतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. याचे सर्वांत चांगले उदाहरण क्रिकेटमध्ये नाही, अमेरिकेच्या बेसबॉल या खेळात सापडते.

बेसबॉलमध्ये यष्ट्या नसतात. मैदानाच्या एका कोपऱ्यात चौकोनाच्या आकारात चार ठिकाणे आखलेली असतात. त्यांना 'बेस' म्हणतात. एका बेसपासून दुसरा बेस ९० फुटांवर असतो. फलंदाज चौथ्या बेसवर, म्हणजे 'होम'वर, उभा राहून चेंडू टोलवतो आणि बॅट तेथेच टाकून पळत सुटतो. पहिला, दुसरा, तिसरा बेस करत तो पुन्हा 'होम'ला पोहोचला की एक धाव होते. चेंडू कुंपणाबाहेर गेला तर त्याला 'होमरन' म्हणतात. मग घाई करण्याचे कारण नाही. पण चेंडू मैदानातच दूरवर गेला आणि फलंदाज एका दमात तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला, तर त्या फटक्याला 'ट्रिपल' म्हणतात. म्हणजे २७० फूट जिवाच्या आकांताने पळायचे, शेवटी जमिनीवर घसरत बेसला स्पर्श करायचा, आणि तोही चेंडू तेथे पोहोचण्याच्या आत. थोडे चुकले तर बाद. म्हणून बेसबॉलमधला सर्वांत थरारक फटका हाच, असे पुष्कळ जाणकार मानतात.

एकोणिसाव्या शतकात या ट्रिपलचा बादशहा होता रॉजर कॉनर. १८५७ मध्ये वॉटरबरी या गावात आयरिश आईबापांच्या पोटी त्याचा जन्म झाला. उंची सहा फूट तीन इंच. १८८० ते १८९७ या काळात तो व्यावसायिक बेसबॉल खेळला आणि त्याने एकूण २३३ ट्रिपल मारले. ते शतक संपले तेव्हा एवढे ट्रिपल दुसऱ्या कोणाच्याही नावावर नव्हते. त्याच्या काळातला आणखी एक धिप्पाड फलंदाज डॅन ब्रूथर्स, त्यानेही दोनशेचा आकडा ओलांडला होता. एका हंगामात सर्वांत जास्त ट्रिपल मारण्याचा त्या शतकातला विक्रम ३१ चा. तो डेव्ह ऑरने १८८६ मध्ये केला आणि हायनी राइट्झने १८९४ मध्ये त्याची बरोबरी केली. यातला ऑर शंभर किलोंहून अधिक वजनाचा होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. इतका जाडजूड माणूस एका हंगामात ३१ वेळा तिसऱ्या बेसपर्यंत कसा पोहोचला असेल?

येथेही उत्तर मैदानातच आहे. त्या काळी बेसबॉलची कुंपणे फार लांब असत. काही मैदानांच्या काही बाजूंना तर चेंडू अडवणारे काहीच नसे. क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून चेंडू गेला की तो उंचसखल गवतातून दूरपर्यंत घरंगळत राही. खेळाडूंचे हातमोजे पातळ असत आणि पुष्कळजण उघड्या हातांनीच चेंडू झेलत. एकच चेंडू मळून मऊ होईपर्यंत वापरला जाई, त्यामुळे तो उंच उडून कुंपणापार जाणे कठीण होते. पण जोरात मारला तर दोन खेळाडूंच्या मधून लांब जाई. लांब मैदान आणि जड चेंडू असला की ट्रिपल वाढतात. पुढे शहरे दाट झाली, पक्की कुंपणे जवळ आली आणि वारंवार नवे, कडक चेंडू वापरले जाऊ लागले. तेव्हा तेच फटके कुंपणापार जाऊन होमरन ठरू लागले. १९१२ मध्ये ओवेन विल्सनने एका हंगामात ३६ ट्रिपल मारले आणि सॅम क्रॉफर्डने १९१७ पर्यंत खेळून कारकिर्दीतले ३०९ केले. हे दोन्ही विक्रम आजही कोणी मोडलेले नाहीत. आता एका हंगामात २० ट्रिपल मारणाराही क्वचितच सापडतो. आजचे खेळाडू काही हळू पळत नाहीत!

कॉनरच्या नशिबी मात्र फार प्रसिद्धी नव्हती. त्याच्या नावावर १३८ होमरनही होते आणि तोही त्या काळचा विक्रमच होता. १९२१ मध्ये बेब रूथ या प्रसिद्ध खेळाडूने तो मोडला. पण मोडला हेच कोणाच्या लक्षात आले नाही, कारण जुन्या खेळाडूंच्या कारकिर्दीची बेरीज कोणी नीट करून ठेवली नव्हती. कॉनर तेव्हा हयात होता. खेळ सोडल्यावर त्याने आपल्या गावी शाळांच्या इमारतींची देखरेख करण्याची नोकरी केली होती. १९३१ मध्ये तो वारला. पुढे लोकांनी जुन्या कागदांवरून हिशेब मांडला, आणि १९७६ मध्ये बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत त्याचे नाव घातले गेले. त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसला तो २००१ मध्ये, मृत्यूनंतर ७० वर्षांनी.

कॉनर आपल्या भराच्या काळात न्यूयॉर्कच्या ज्या मैदानावर खेळे त्याचे नाव 'पोलो ग्राउंड्स' असे होते. बेसबॉलच्या मैदानाला हे नाव कसे? आधी तेथे श्रीमंत मंडळी घोड्यांवर बसून पोलो खेळत. १८८० मध्ये ती जागा बेसबॉलला मिळाली आणि कामगार, कारकून, दलाल असे हजारो लोक तेथे सामने पाहायला येऊ लागले. १८८६ मध्ये कॉनरने चेंडू कुंपणावरून थेट रस्त्यावर मारला, तेव्हा खूश झालेल्या शेअर दलालांनी वर्गणी काढून त्याला सोन्याचे घड्याळ दिले. पुढे ते मैदान मोडले आणि संघ दुसरीकडे गेला, पण नाव पोलोचेच राहिले. नव्या जागी कोणी कधी पोलो खेळलाच नाही.

त्याच काळात मुंबईत बरोबर उलट घडत होते. तेथे क्रिकेटच्या मैदानात पोलो शिरला होता.

मुंबईच्या कोटासमोर मोठी मोकळी जागा होती. आजचे आझाद मैदान हा तिचाच एक भाग. तेथे पारशी मुले फार पूर्वीपासून क्रिकेट खेळत. १८४८ मध्ये पारशांनी आपला पहिला क्लब काढला. मागोमाग हिंदू आणि मुसलमान मुलेही खेळू लागली. १८७५ मध्ये गोऱ्या साहेबांनी याच मैदानाच्या एका टोकाला बॉम्बे जिमखाना स्थापन केला. त्यांच्या क्रिकेटसाठी राखलेली हिरवळ होती आणि तेथे भारतीयांना प्रवेश नव्हता. साहेबांना पोलोचीही हौस होती. पण पोलो ते आपल्या हिरवळीवर खेळत नसत. भारतीय मुले ज्या भागात क्रिकेट खेळत त्या भागात खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई, खड्डे पडत. पावसाळ्यानंतर ती जमीन वाळली की चेंडू कसाही उसळे. डावा येईल वाटावा तर उजवा जाई, आणि कधी थेट तोंडावर येई.

मुलांनी आणि त्यांच्या क्लबांनी सरकारकडे तक्रारी केल्या. १८८१ मध्ये शेकडो भारतीय खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नरकडे अर्ज पाठवला. अर्जावर पारशांच्या सह्या होत्या, हिंदूंच्या होत्या आणि मुसलमानांच्याही होत्या. त्यांचे म्हणणे साधे होते. पोलो खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, क्रिकेट खेळणारी मुले शेकडो. मग मैदान कोणाला असावे? सरकारने पोलो काही काळ दुसरीकडे हलवला, पण पुढे परवानगी पुन्हा दिली. हा सगळा झगडा शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने १८९७ मध्ये पुस्तकरूपाने लिहून ठेवला. त्याने लिहिले नसते तर आज आपल्याला त्यातले फार थोडे कळले असते. कॉनरचे ट्रिपल जसे मोजणाऱ्यांमुळे सापडले, तसेच हे.

अशा खडबडीत मैदानावर मोठे फटके मारणारे कोठून तयार होणार? त्या शतकात मुंबईचा जो खेळाडू सर्वांत गाजला तो गोलंदाज होता. त्याचे नाव डॉ. मेहेलाशा पावरी. पारशांचा संघ १८८६ मध्ये पहिल्यांदा इंग्लंडला गेला तेव्हा २८ सामन्यांपैकी एकच जिंकला. १८८८ च्या दुसऱ्या दौऱ्यात त्यांनी ८ सामने जिंकले, आणि त्या दौऱ्यात एकट्या पावरीने १७० बळी घेतले. जानेवारी १८९० मध्ये व्हर्नन यांचा इंग्लिश संघ मुंबईला आला. त्याच्या दुसऱ्या डावात पावरीने ३४ धावांत ७ गडी बाद केले, सबंध संघ ६१ धावांत आटोपला आणि पारशी जिंकले. सामना बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर होता. एरवी जेथे पाय ठेवायला बंदी, तेथे त्यांनी साहेबांना हरवले! मैदानावर लोकांची तोबा गर्दी झाली होती.

शेवटी भारतीयांना जागा मिळाली ती समुद्र हटवून केलेल्या भरावावर, आजच्या मरीन ड्राइव्हच्या कडेला. १८८० आणि १८९० च्या दशकांत तेथे पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना आणि हिंदू जिमखाना असे तीन जिमखाने एका ओळीत उभे राहिले. ते अजूनही तेथे आहेत. जागा सपाट होती आणि देखभाल आपल्याच हाती होती. मात्र अर्जावर ज्यांनी एकत्र सह्या केल्या होत्या ते येथे वेगवेगळ्या फाटकांतून आत जाऊ लागले, आणि पुढे सामनेही धर्माच्या नावाने भरू लागले. मुसलमानांचा संघ १९१२ मध्ये त्या स्पर्धेत उतरला. असे सामने १९४६ पर्यंत चालले आणि मग बंद झाले.

मैदानाबाहेर ठेवण्याची रीत अमेरिकेतही होतीच. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णी खेळाडू टोलेडोच्या संघातून वरच्या दर्जाचे बेसबॉल खेळला. त्यानंतर गोऱ्या संघांनी दार असे लावून घेतले की पुढचा कृष्णवर्णी खेळाडू, जॅकी रॉबिन्सन, १९४७ मध्ये आत आला. कॉनर, ब्रूथर्स आणि ऑर यांचे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. त्या यादीत यायची संधीच अनेकांना मिळाली नव्हती.

क्रिकेटमध्ये षटकारही आजच्याइतका सोपा नव्हता. इंग्लंडमध्ये १९१० पर्यंत चेंडू नुसता सीमेवरून गेला तर सहसा चारच धावा मिळत. सहा धावांसाठी तो मैदानाच्या बाहेर जावा लागे. नियम बदलला, मैदानेही सुधारली, आणि मुंबईला खराखुरा फटकेबाज पाहायला मिळाला. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्याच्या त्याच मैदानावर इंग्लंडहून आलेल्या एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदूंचा सामना होता. नागपूरला जन्मलेले सी. के. नायडू फलंदाजीला आले आणि दोन तासांच्या आत त्यांनी १५३ धावा केल्या. त्यात ११ षटकार होते. एका डावात एवढे षटकार तोवर जगात कोणी मारले नव्हते. पाहुण्या संघाने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. पुढे १९३२ मध्ये भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा नायडूच कप्तान होते.

आता मोठ्या स्टेडियममध्ये, आपल्या नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्येही, कुंपणाच्या बऱ्याच आत जाड दोरी टाकलेली असते. चेंडू दोरीला लागला की चार, वरून गेला की सहा. तीन धावा पळून काढलेल्या क्वचितच दिसतात. त्या पाहायच्या असतील तर सुट्टीच्या दिवशी लोकल पकडून आझाद मैदानावर जावे. तेथे वीसहून अधिक खेळपट्ट्या आहेत आणि सगळ्यांवर एकाच वेळी सामने चालू असतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा असतो. कोणी जोरात फटका मारला की चेंडू दुसऱ्याच्या खेळात घुसतो. तेथले खेळाडू पाय उचलून त्याला वाट देतात, क्षेत्ररक्षक "बॉल, बॉल!" असे ओरडत चारजणांना वळसा घालून धावतो, आणि इकडे दोन्ही फलंदाज तिसऱ्या धावेसाठी निघालेले असतात.